नवरी बोलली तेव्हा



लग्नाला तीन आठवडे असताना भाचीचा फोन आला. "आत्या, रिसेप्शनला तू दोन शब्द बोलायचंस." मी म्हटलं, अगं तुझे मामा बोलतील, काका बोलतील, मी उखाण्यापलीकडे लग्नात कधी तोंड उघडलेलं नाही. खरं कारण मात्र तिला सांगितलं नाही. यांना जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून प्रत्येक कार्यात मी आपणहून मागच्या खुर्चीवर बसते. मागे बस असं कुणी म्हणत नाही, पण पुढे ये असंही म्हणत नाही.

नाही म्हणायला सबळ कारण हवं, म्हणून यांच्या कपाटातलं महात्मा फुल्यांचं समग्र वाङ्मय काढलं. वाटलं, बायका लग्नात पूर्वीपासून गप्पच असतात हे त्यात सापडेल. सापडलं भलतंच.

24 सप्टेंबर 1873 ला पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला त्या पद्धतीचं पहिलं लग्न लागलं. नवरी राधा, सावित्रीबाईंच्या मैत्रीण बजूबाई निंबणकर यांची मुलगी. नवरा सीताराम जबाजी आल्हाट. भटजी नाही, हुंडा नाही. पुढे 1887 मध्ये जोतीरावांनी या विधींचं पुस्तकच छापलं. त्यातली मंगलाष्टकं मराठीत आहेत, आणि ती म्हणायची कुणी? नवरा-नवरीने स्वतः! एक कडवं त्याचं, एक तिचं. नवरी सगळ्यांसमोर सांगते की आम्हा बायकांना स्वातंत्र्य म्हणजे काय ते ठाऊक नाही, तेव्हा स्त्रीला तिचे हक्क देईन अशी शपथ तू आज घे. आणि तो घेतो.

हे वाचून मी पुस्तक मांडीवर ठेवून बसून राहिले. माझ्या लग्नात अंतरपाटामागे मी फक्त पायाचे अंगठे मोजत होते. बी.कॉम. झालेली, खात्यांचे ताळे जुळवणारी मुलगी, पण उपाध्ये काय म्हणतायत याचा अर्थ विचारायचं धाडस नव्हतं. एकशे चाळीस वर्षांपूर्वी एका नवरीच्या तोंडी एवढं वाक्य लिहिलं गेलं, आणि आपण अजून "लाजू नको, नाव घे" यातच अडकलोय.

हे पुण्याचं, आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. संबंध आहे. पुस्तक निघालं त्याच 1887 साली कुंभोजला एका जैन घरात भाऊराव पाटील जन्मले. सत्यशोधक विचार घेऊनच त्यांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, आणि वसतिगृहातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं. लक्ष्मीबाईंनी भाषण केलं नाही, पण मला त्यांचा तो निर्णय भाषणासारखाच ऐकू येतो.

आणि मगनबाई. दानवीर माणिकचंद हिराचंद झवेरींची ही लेक ऐन तारुण्यात विधवा झाली. वडिलांनी तिला शिकवलं. तिने मुंबईत श्राविकाश्रम चालवला, परिषदांमधून समाजापुढे उभी राहून बोलली, समाजाने तिला जैन महिलारत्न म्हटलं. त्या काळी विधवेला लग्नाच्या मांडवात पुढे जागा नव्हती. परिषदेच्या व्यासपीठावर मात्र तीच बाई शेकडो लोकांना ऐकवत होती. म्हणजे अडचण तिच्या आवाजाची नव्हतीच, जागेची होती. माझीही तीच.

मी भाचीला होकार कळवला.

तयारी सांगते, कुणाला उपयोगी पडेल. आधी मी मंगलाष्टकच रचायला बसले. शार्दूलविक्रीडित, ओळीला एकोणीस अक्षरं. जमाखर्चापेक्षा अवघड, चौथ्या ओळीला सोडलं. मग साधं लिहिलं आणि रोज कुकरच्या शिट्या होईपर्यंत मोठ्याने म्हटलं. पहिल्या दिवशी सात मिनिटं लागली. आपल्याकडे सूर्यास्ताआधी पंगत उठली पाहिजे, सात मिनिटं कोण ऐकणार? शेवटी दोन मिनिटांचं उरलं. लांबलेली काका-मामांची भाषणं ऐकून आचाऱ्याकडे वळणाऱ्या नजरा मी आयुष्यभर पाहिल्यात. कागद हातात ठेवला, पण अक्षर एवढं मोठं काढलं की चष्मा विसरला तरी चालावं. एक कळलं. उखाण्याने आपल्याला नकळत बरंच शिकवलंय. सुरुवात हळू, मध्ये थांबायचं, लोकांना शेवटची वाट बघायला लावायची, आणि नाव स्पष्ट घ्यायचं.

म्हणून सुरुवात उखाण्यानेच केली. माईक हातात आला तेव्हा हात थरथरत होता, तो दुसऱ्या हाताने धरला. माझ्यासारखीला उखाणा कुणी विचारत नाही, तेव्हा न विचारता यांचं नाव घेतलं. तो उखाणा इथे लिहीत नाही. हॉलमध्ये क्षणभर एकदम शांत झालं. पहिल्या रांगेत माझ्या थोरल्या जाऊबाई पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या. मग मी राधाचं आणि 1887 च्या त्या नवरीचं सांगितलं, आणि जावईबापूंना विचारलं, "शपथ घेता का?" ते उठून उभे राहिले आणि "घेतो, आत्या" म्हणाले. हॉल हसला, मीही हसले.

खाली उतरले तर भाचीच्या सासूबाईंनी माझा हात धरून शेजारच्या खुर्चीवर बसवलं. सूर्यास्ताला अजून पाऊण तास होता. पानं मांडायला सुरुवात झाली होती.