हृदयातील लोहाचे मापन : यकृताच्या साक्षीपासून एम.आर.आय.पर्यंत

थॅलेसेमिया मेजरच्या रुग्णास आयुष्यभर रक्त द्यावे लागते. प्रत्येक पिशवीबरोबर सुमारे २०० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते आणि जादा लोह बाहेर टाकण्याची यंत्रणा मानवी देहात नाही. डेस्फेरिऑक्सामीन हे लोहनिष्कासक औषध उपलब्ध झाल्यानंतरही अनेक रुग्ण ऐन तारुण्यात हृदय निकामी होऊन दगावत. चिकित्सकांची भिस्त रक्तातील फेरिटिनवर आणि सुईने काढलेल्या यकृताच्या तुकड्यावर होती. यकृतात लोह कमी असल्यास हृदयही सुरक्षित असणार, असे गृहीत धरले जाई.

लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयातील अँडरसन, पेनेल आदींच्या २००१ मधील संशोधनाने हे गृहीतक मोडीत काढले. ऊतींतील लोहामुळे स्थानिक चुंबकीय क्षेत्र विस्कळीत होते व एम.आर.आय.चा संकेत लवकर क्षीण होतो. एरवी प्रतिमा बिघडवणारा हा दोषच येथे मोजपट्टी ठरला. क्षीणतेचा हा काल, म्हणजे ‘टी-टू स्टार’, हृदयात २० मिलिसेकंदांखाली गेल्यास लोहसंचय मानला जातो. यकृतातील व हृदयातील लोहाचा मेळ मात्र बसला नाही.

ब्रिटनमध्ये १९८० ते १९९९ या काळात दर १००० रुग्णवर्षांमागे १२.७ मृत्यू होत. २००० ते २००३ मध्ये ते ४.३ झाले. याचे श्रेय अर्थातच केवळ यंत्राचे नव्हे. धोका वेळीच दिसल्याने औषधयोजनाही कडक झाली. मानवी हृदयातील लोहाचे प्रत्यक्ष रासायनिक मापन करून ही मोजपट्टी पडताळली गेली ती २०११ मध्ये, मृत्यूनंतर वा प्रत्यारोपणावेळी मिळालेल्या १२ हृदयांवर.