आवाज मोठा, गाणं लहान

रायगडच्या किनाऱ्यावर आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण असते. लग्नातले विधी ती गाण्यांतून पार पाडते. त्या गाण्यांना धवले म्हणतात. ती कुठे लिहिलेली नसतात, आजीकडून नातीकडे तोंडी येतात. त्यामुळे एक धवलारीण गेली की तिच्याबरोबर बरीच गाणीही जातात.

अलिबागजवळच्या एका गावात एका तरुणाने आपल्या आजीचे धवले घरीच ध्वनिमुद्रित केले, मागे ढोलकी जोडली आणि आम्हाला ऐकवले. आवाज खणखणीत होता, पण आजी कुठेतरी हरवली होती. तिचा श्वास, ओळीच्या शेवटी खाली उतरणारा स्वर, काहीच कळत नव्हतं. "लग्नात स्पीकरवर लावायचं, तर आवाज मोठा नको का?" त्याने विचारलं.

प्रश्न रास्त होता. तो शंभराहून अधिक वर्षं जुनाही आहे.

कर्ण्यापुढे ओरडणं

१९०२ साली फ्रेड गायसबर्ग ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन कलकत्त्याला आला आणि गौहरजान यांच्या तबकड्या तयार झाल्या. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने कर्ण्यात तोंड घालून गायचं, त्या आवाजाच्या जोरावर पडदा हलायचा आणि पडद्याला जोडलेली सुई मेणावर खाचा कोरायची. विजेची मदत शून्य. हळू गायलं, तर खाचेची नागमोड इतकी लहान पडे की तबकडीच्या खरखरीत गाणं बुडून जाई. साहजिकच खड्या आवाजाच्या गायकांची चलती होती.

१९२५ साली अमेरिकेत विद्युत ध्वनिमुद्रण सुरू झालं. मायक्रोफोन आणि विवर्धक आले. आता सुईला ढकलण्याचं काम वीज करू लागली. मिरजेचे अब्दुल करीम खाँ यांचा नाजूक, तरल आवाज १९३०च्या दशकातल्या तबकड्यांवर आजही ऐकता येतो, तो यामुळेच.

पण एक अडचण उरलीच. मोठा आवाज म्हणजे खाचेची मोठी नागमोड, आणि मोठी नागमोड जास्त जागा खाते. तबकडीवर एकतर आवाज मोठा ठेवा, नाहीतर गाणं लांब ठेवा.

तळ आणि छत

प्रत्येक माध्यमाला एक तळ असतो आणि एक छत. तळ म्हणजे माध्यमाची स्वतःची खरखर. छत म्हणजे त्याला पेलणारा सर्वांत मोठा आवाज. गाणं या दोहोंच्या मध्ये बसवायचं असतं.

१९६३ साली फिलिप्सने कॅसेट आणली. १९८०च्या दशकात ती आपल्याकडे घरोघर पोचली. कॅसेटचा तळ उंच, म्हणजे 'सूंऽ' असा आवाज सतत येणार. तिचं छत मात्र मऊ होतं. आवाज थोडा जास्त झाला तरी फीत तो हळूहळू दाबून घेई.

१९८२ साली सीडी आली. तिच्यात ध्वनी आकड्यांत लिहिलेला असतो. प्रत्येक आकडा १६ बिटांचा आणि दर बिटामागे सुमारे ६ डेसिबल, म्हणून तळापासून छतापर्यंत जवळजवळ ९६ डेसिबलची जागा. पण हे छत काँक्रीटचं! ३२,७६७ पेक्षा मोठा आकडा लिहिताच येत नाही. तरंगाचा माथा त्याच्या वर गेला की सपाट कापला जातो. अशा कापलेल्या तरंगात मूळ गाण्यात नसलेल्या वारंवारता निर्माण होतात. आपल्याला ऐकू येणारी चरचर ती हीच.

मोठं ते चांगलं?

१९३३ साली फ्लेचर आणि मन्सन यांनी माणसाच्या कानाचे वक्र प्रसिद्ध केले. हळू आवाजात खर्जाचे आणि फार उंच स्वर आपल्याला कमी ऐकू येतात. तेच गाणं मोठ्याने लावलं की भरदार वाटतं. त्यामुळे शेजारी-शेजारी ऐकवलं तर थोडं मोठं गाणं बाजी मारतं, आणि प्रत्येक कंपनीला आपलं गाणं शेजाऱ्याहून मोठं हवं असतं. १९९०च्या दशकात ही चढाओढ तीव्र झाली. छत वर सरकत नव्हतं, म्हणून मोठे ठोके दाबून बाकी सगळं वर उचललं जाऊ लागलं. हळू आणि मोठं यांतला फरकच नाहीसा झाला.

यावर उपाय मोजमापातून निघाला. २००६ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने माथा न मोजता कानाला जाणवणारा सरासरी मोठेपणा मोजण्याची पद्धत ठरवली. २०१० साली युरोपातल्या प्रसारण संस्थांच्या संघाने तीवर आधारित पातळी सुचवली. आज इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या अनेक सेवा जास्त मोठं गाणं आपणहून खाली आणतात. तिथे दाबून मोठं केलेलं गाणं इतरांइतकंच मोठं वाजतं, पण चपटं राहतं.

आजीचं गाणं

मग त्या तरुणाने काय करायचं? त्याच्या मूळ मुद्रणात ढोलकीची थाप छताला टेकत होती आणि आजीचा आवाज १८ डेसिबल खाली होता. ६ डेसिबल म्हणजे आयाम निम्मा. १८ म्हणजे एक अष्टमांश. सगळं एकदम वर उचललं तर थाप कापली जाणार. त्याने सगळंच एकत्र दाबलं होतं, त्यामुळे प्रत्येक थापेबरोबर आजीही दबत होती.

आम्ही उलट वाट धरली. ढोलकी स्वतंत्र असल्यामुळे तिच्या फक्त थापा ६ डेसिबलने खाली आणल्या. मग सगळं गाणं तेवढंच वर उचललं. आजीचा आयाम दुप्पट झाला आणि छताला कुणी धडकलं नाही. पंख्याची आणि वाऱ्याची ८० हर्ट्झखालची घरघर काढली. ती कानाला जेमतेम कळते, पण जागा अडवते. शेवटी छताच्या खाली १ डेसिबल मोकळा ठेवला. जुनं आणि नवं मिश्रण सारख्याच मोठेपणाने लावून ऐकलं, कारण तसं केलं नाही तर कान फसतो. लग्नात आणखी मोठं हवं असेल, तर स्पीकरचं बटण आहेच.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मूळ, न दाबलेलं मुद्रण वेगळं जपून ठेवायला सांगितलं. कापलेला माथा पुन्हा जसाच्या तसा मिळत नाही, आणि तेच गाणं पुन्हा गायला आजी कायम असणार नाही.

तुमच्या वर्गात हे करून पाहता येईल. मुलांना घरातल्या वडीलधाऱ्यांचं एखादं गाणं मोबाइलवर मुद्रित करायला सांगा, एकदा तोंडाजवळ धरून आणि एकदा हातभर अंतरावरून. संगणकावर दोन्हींचे तरंग पाहा. सपाट माथे कोणत्या तरंगात दिसतात? आणि कोणत्या मुद्रणात गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतो?