वृक्षप्रजातींची निवड आणि हवामान

वनांतील वृक्षप्रजातींची निवड हा केवळ इमारती लाकडाच्या उत्पन्नाचा प्रश्न नसून प्रदेशाच्या हवामानावर परिणाम करणारा घटक आहे. वनक्षेत्र वाढले की तापमानवाढीला आपोआप आळा बसतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात कोणती झाडे वाढविली जातात व त्यांची तोड कशी होते, यावर तो परिणाम अवलंबून असतो. युरोपातील वनांचा इतिहास हे याचे ठळक उदाहरण होय.

पार्श्वभूमी

१७५० ते १८५० या काळात युरोपातील सुमारे १,९०,००० चौ. किमी वन नष्ट झाले. पुढे जळाऊ लाकडाची जागा दगडी कोळशाने घेतली आणि वनक्षेत्र पुन्हा वाढू लागले. २०१० पर्यंत त्यात सुमारे ३,८६,००० चौ. किमीची भर पडली. मात्र परत आलेले वन पूर्वीचे नव्हते. लवकर वाढणारे, सरळ खोडाचे व बाजारात खपणारे लाकूड हवे, म्हणून बीच, ओक यांसारख्या रुंदपर्णी पानझडी वृक्षांऐवजी स्प्रूस व पाइन या सूचिपर्णी वृक्षांची लागवड झाली. १७५० च्या तुलनेत सूचिपर्णी वनांचे क्षेत्र ६,३३,००० चौ. किमीने वाढले, तर रुंदपर्णी वनांचे ४,३६,००० चौ. किमीने घटले.

परिणाम

सूचिपर्णी वृक्षांचा पर्णसंभार गडद असतो. तो सूर्यप्रकाश अधिक शोषतो व कमी परावर्तित करतो. हिवाळ्यात पानझडी वन उघडे पडून खालचा बर्फ प्रकाश परावर्तित करतो, सदाहरित स्प्रूस मात्र तो झाकून ठेवतो. उन्हाळ्यात रुंदपर्णी वृक्ष सामान्यतः अधिक बाष्पोत्सर्जन करतात व त्यामुळे हवा थंड राहते.

फ्रान्समधील संशोधक किम नॉट्स व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात संगणकीय प्रतिमानावर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. प्रजातींतील बदल व लाकूडतोड यांमुळे उन्हाळ्यात भूपृष्ठालगतच्या वातावरणाचे तापमान सुमारे ०.१२ अंश सेल्सिअसने वाढले, असा त्याचा निष्कर्ष आहे. वनक्षेत्र वाढूनही कार्बनचा हिशेब तुटीचाच राहिला. लाकडाबरोबर पालापाचोळा, मृत लाकूड व मातीतील साठाही घटल्याने ही तूट ३.१ अब्ज टन कार्बन इतकी भरते.

एकाच प्रजातीच्या लागवडीचा दुसरा धोका जर्मनीतील हार्झ पर्वतात दिसला. तेथील खाणींना लाकूड पुरविण्यासाठी वाढविलेली स्प्रूसची वने २०१८ नंतरच्या अवर्षणात कमकुवत झाली आणि साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर नष्ट केली. अशी मृत झाडे साठविलेला कार्बन वातावरणात परत सोडतात.

भारताशी संबंध

बॉन येथे जन्मलेले वनस्पतिशास्त्रज्ञ डीट्रिख ब्रँडिस हे १८६४ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. जर्मन वनविद्या त्यांच्यामार्फत येथे रुजली व इमारती लाकडासाठी सागाला अग्रक्रम मिळाला. साग पानझडी असल्याने आणि बर्फाचा घटक येथे बहुतांश प्रदेशांत नसल्याने युरोपातील आकडे भारताला जसेच्या तसे लागू होत नाहीत.