बारा किलोंचं वजन आणि औंधचे राजे

मागच्या आषाढात आज्जी पडवीत घसरून पडली. घरात आई आणि मी, दोघीच. दोन बाजूंनी धरून तिला उठवायला गेलो, पण आमच्यानं ती उचलेना. आज्जीचं वजन जेमतेम ४५ किलो. माझं वय २८, आणि लॅपटॉपच्या पिशवीपेक्षा जड काही उचलल्याला मला कित्येक वर्षं झाली होती. शेवटी आई पावसात शेजारच्या काकांना बोलवायला पळाली. ते येईपर्यंत मी आज्जीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते.

खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर नंतर म्हणाले, तुम्ही घाईघाईनं ओढाताण केली नाहीत तेच बरं झालं. म्हणजे त्या दिवशी आमच्या अशक्तपणानं तिचं भलंच केलं. पण ऑपरेशननंतर ती घरी आली आणि रोजचं काम सुरू झालं. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून परत खाटेवर. चौथ्या दिवशी आईची कंबर धरली. मग मी एकटीच उरले.

तेव्हा ठरवलं, ताकद कमवायची. दंडाच्या बेडक्या नकोत, वजन उतरवायचं नाही. एक माणूस नीट आधार देऊन उठवता यावं, एवढीच मागणी.

आमचं घर राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यात, तोरण्याच्या सावलीतल्या एका गावात. रेंज असेल तेव्हा मी इथूनच सॉफ्टवेअरचं काम करते. जिम म्हणजे भोर नाहीतर नसरापूर, आणि तिकडे जाऊन येण्यात अर्धा दिवस जातो. तेव्हा घरीच, एकाच साधनावर भागवायचं होतं. इंजिनिअर असल्यामुळे मी आधी काय केलं असेल? एक्सेल शीट उघडलं. केटलबेलचे १४ प्रोग्रॅम, त्यांचे आठवडे, लागणारी वजनं, दिवसाची मिनिटं. दोन आठवडे तक्ता भरला आणि व्यायाम एक दिवसही केला नाही. प्रत्येक प्रोग्रॅमला माझ्याकडे नसलेलं काहीतरी हवंच होतं: दुसरी बेल, पुल-अपचा बार, बाक.

अखेर १२ किलोंची एक बेल मागवली. कुरिअरवाला नसरापूरच्या पुढे यायला तयार होईना, म्हणून मी जाऊन ती एसटीनं घरी आणली. आज्जीनं खाटेवरून बघितलं आणि म्हणाली, “हे व्यापाऱ्याचं वजन कशाला आणलंस गं? भात मोजायचाय व्हय?”

मी हसले. पण रात्री वाचत बसले तेव्हा कळलं, आज्जीनं नेमकं ओळखलं होतं.

रशियन भाषेत केटलबेलला ‘गिर्या’ म्हणतात आणि ते मुळात बाजारात धान्य तोलायचं वजनच. त्याचं माप ‘पूद’. एक पूद म्हणजे साधारण १६.३८ किलो. आज बाजारात १६, २४, ३२ किलोंच्या बेली मिळतात, त्या म्हणजे एक, दीड आणि दोन पूद. बाजारात कोण किती वेळा उचलतो याची पैज लागायची, त्यातून खेळ झाला. १८८५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये व्लादिस्लाव क्रायेव्स्की नावाच्या डॉक्टरनं वजन उचलणाऱ्यांचं मंडळ सुरू केलं आणि त्या खेळाला शिस्त लागली. म्हणजे ज्याला मी आधुनिक साधन समजत होते, ते हाताशी होतं म्हणून वापरलेलं वजन होतं.

मग प्रश्न पडला, आपल्याकडे हाताशी काय होतं?

पैलवानी व्यायामाची जुनी यादी हवी असेल तर १२व्या शतकात जावं लागतं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लांवर एक प्रकरण आहे. त्यात व्यायामाचे प्रकार नावानिशी येतात. वजन उचलणं तो भारश्रम, चालणं-फिरणं तो भ्रमणश्रम, पाण्यातला तो सलिलश्रम आणि खांबावरचा तो स्तंभश्रम. आजच्या कुठल्याही प्रोग्रॅमचे विभाग याहून फार वेगळे नसतात. आणि यासाठी लागणारं साहित्य म्हणजे एखादं ओझं, रस्ता, नदी आणि खांब.

पेशवाईच्या अखेरीस, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, बाळंभटदादा देवधरांनी त्या खांबाची विद्या पुन्हा उभी केली. मल्लखांब तो हाच. तालमीत त्याच्या जोडीला जोर, बैठका, मुद्गल आणि दगडी नाल असायचे. नाल म्हणजे आत मूठ असलेलं दगडाचं वजन. केटलबेलचा चुलतभाऊच म्हणा ना.

यातला मुद्गल मला इंजिनिअर म्हणून फार आवडतो. त्याचं सगळं वजन मुठीपासून लांब, टोकाला असतं. पाच किलोंचा मुद्गल आडवा धरून बघा, मनगट लगेच सांगतं की वजन आणि अंतर यांचा गुणाकार काय असतो. मूठ वर सरकवली की तोच मुद्गल हलका, खाली नेली की जड. एकाच लाकडात अनेक वजनं. केटलबेलचीही गंमत तीच: गोळा मुठीच्या बाहेर लोंबतो, म्हणून झोका देता येतो आणि त्या झोक्याला आवर घालताना ढुंगण, पाठ आणि पोट एकत्र काम करतात.

इंग्रज अधिकाऱ्यांनी मुद्गल हिंदुस्थानात पाहिले आणि मायदेशी नेले. १८३४ साली लंडनमध्ये निघालेल्या डोनाल्ड वॉकरच्या व्यायामाच्या पुस्तकात ‘इंडियन क्लब’ आहेत. पुढे ते अमेरिकेत गेले आणि १९०४ व १९३२च्या ऑलिंपिकमध्ये क्लब फिरवण्याची चक्क स्पर्धा होती. दरम्यान आपल्याकडे उलटी हवा आली. जर्मनीत जन्मलेला आणि लंडनमध्ये गाजलेला युजीन सँडो हा त्या काळातला सगळ्यात प्रसिद्ध पैलवान. त्याची पुस्तकं, डंबेल्स, स्प्रिंगा टपालानं जगभर जायच्या. १९०४-०५मध्ये तो स्वतः हिंदुस्थानात खेळ करून गेला.

त्याच्या गिऱ्हाइकांत एक आमच्या शेजारच्या संस्थानातला होता. भोरचे पंतसचिव आणि औंधचे पंतप्रतिनिधी ही साताऱ्याच्या छत्रपतींच्या जहागिरीतून झालेली दोन संस्थानं. १९४८ साली दोन्ही विलीन झाली. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांनी आपल्या व्यायामाची हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे. १८९७च्या सुमारास त्यांनी सँडोचं सगळं साहित्य आणि पुस्तकं विकत घेतली आणि १० वर्षं त्याच्या सूचनेबरहुकूम नेमानं व्यायाम केला. छाती रुंदावली, फायदा झाला. तरी पुढे १९०८च्या सुमारास, मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून, ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले.

इथे मी वाचायची थांबले. माझ्याकडे साहित्य नव्हतं म्हणून मी अडून बसले होते. या माणसाकडे सगळं साहित्य होतं, विकत घ्यायची ऐपत होती, ठेवायला वाडा होता. आणि १० वर्षं वापरून झाल्यावर त्यानं निवड केली ती सतरंजीएवढ्या जागेची.

सूर्यनमस्कार भवानरावांनी शोधले नाहीत, ते आधीपासून घातले जात होते. त्यांनी त्याचा प्रोग्रॅम केला: ठरलेल्या स्थिती, श्वास, मोजणी, रोजची संख्या. आपल्या संस्थानातल्या शाळांत ते लागू केले. १९३६ साली ते इंग्लंडला गेले आणि १९३८मध्ये लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंच्या संपादनाखाली ‘द टेन-पॉइंट वे टु हेल्थ’ हे पुस्तक लंडनमध्ये निघालं. त्यांचे सगळे दावे आज पटणारे नाहीत. नमस्कारांनी जवळपास प्रत्येक दुखणं बरं होतं, अशा थाटात ते लिहितात. शिवाय राजानं शाळेत लावलेल्या व्यायामाला नाही म्हणायची सोय कितीशी असणार, हेही आहेच.

पण एक गोष्ट त्यांनी अशी केली की तिच्यामुळे हा प्रोग्रॅम माझ्यापर्यंत पोचू शकला. त्यांनी तो बायकांनाही दिला. राणीसाहेब स्वतः नमस्कार घालत, आणि बायकांनी ते का घालावेत यावर पुस्तकात भर आहे.

हे किती मोठं होतं ते मला आज्जीनं समजावलं, नकळत. आमच्या गावात मारुतीच्या पारापाशी एक दगडी गोटा पडलेला आहे. पूर्वी पोरं तो छातीवर घेऊन दाखवायची. मी आज्जीला विचारलं, बाया उचलायच्या का? ती म्हणाली, “त्याला बायांनी हात लावायचा न्हाय म्हणायचे. आन् उखळात मुसळ कोण उचलत हुतं मग?”

आमचा भाग भाताचा. गिरणी येण्याआधी घरचा भात उखळात, मुसळानं कांडला जायचा आणि कांडणाऱ्या बायाच असायच्या. मुसळ डोळ्यासमोर आणा. लांब, जड लाकूड, टोकाला लोखंडी वसवी. बलरामाचं शस्त्र म्हणून त्याला पुराणात जागा आहे. तालमीतला मुद्गल आणि परसातलं मुसळ यांत फार फरक नाही. एक फिरवलं की व्यायाम, त्याचं कौतुक, वर दूध-तूप. दुसरं उचललं की काम, आणि जेवायला सगळ्यांच्या शेवटी. आज्जीनं तरुणपणी मुसळ, जातं आणि पाण्याचे हंडे मिळून जेवढं वजन हाताळलं, तेवढं माझ्या १४ प्रोग्रॅमांत मिळून नसेल. तिला कुणी बलवान म्हटलं नाही.

याचा अर्थ जुनं ते सगळं चांगलं, असा मी काढत नाही. कामात वजन वाढवायचा-कमी करायचा अधिकार तुमचा नसतो, विश्रांतीचा दिवस नसतो. दुखरी पाठ घेऊनही हंडा उचलावाच लागतो. व्यायाम आणि कष्ट यांत फरक आहे तो एवढाच, पण तो फार मोठा आहे: व्यायामात थांबायची मुभा असते. भवानरावांच्या निवडीचं मोल मला इथे कळलं. गोट्याला हात लावू नको असं सांगता येतं. मोकळ्या जमिनीचा एक तुकडा आणि स्वतःचं अंग, यावर पहारा ठेवणं तितकं सोपं नसतं.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही म्हणतो, डिपेंडन्सी जितक्या कमी, तितकं बिघडायची शक्यता कमी. त्या रात्री मी एक्सेल शीटमधले साहित्याचे रकाने काढून टाकले आणि फक्त हालचाली लिहिल्या. कमरेत वाकून उचलणं, खाली बसून उठणं, ढकलणं, ओढणं, ओझं घेऊन चालणं. नमस्कारात ढकलणं आणि वाकणं येतं. पण ओढणं नाही आणि ओझं उचलणं नाही. मला तर उचलायचंच होतं. म्हणजे राजांचा प्रोग्रॅमही जसाच्या तसा पुरेसा नव्हता.

शेवटी ठरलं ते असं. रोज सकाळी १२ नमस्कार आणि २० बैठका. आठवड्यातून तीन दिवस केटलबेल: १० झोके, दम खायचा, असं पाच वेळा. मग एका हातानं बाकाऐवजी ओट्याला टेकून बेल ओढायची, दोन्ही बाजूंनी आठ-आठ. आणि शेवटी हंडा. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे हंड्याइतकं सोयीचं कमी-जास्त होणारं वजन दुसरं नाही. १० लिटरपासून सुरू केलं, दर पंधरवड्याला एक-एक लिटर वाढवला. सगळं मिळून २५ मिनिटं. पहिल्याच आठवड्यात झोके हातानं ओढायची चूक केली आणि पाठ भरली; तेव्हा तीन दिवस थांबले. थांबायची मुभा होती.

दिवाळीच्या सुमारास एका सकाळी आज्जीला खुर्चीतून उठवताना तिचा तोल गेला. मी पाय रोवले, कमरेत वाकले, तिला पोटाशी धरलं आणि उभी केली. आईला हाक मारावी लागली नाही. आज्जी काहीच बोलली नाही. बोलायचं ठरवलं असतं तरी मला ऐकू आलं नसतं, माझ्याच छातीचे ठोके एवढे मोठे होते.

आता ती काठी घेऊन पडवीपर्यंत येते. सकाळी मी नमस्कार घालताना खाटेवरून मोठ्यानं मोजते. दहानंतर दर वेळी पुन्हा नऊ म्हणते. मी तिला चूक दाखवत नाही, दोन जास्तीचे घालते.