झाकली मूठ

जीमॅट म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "किती मिळाले?" मला मात्र त्या आकड्याइतकाच त्याचा प्रवास रंजक वाटतो. तो कोणाकडे जातो, केव्हा जातो, आणि पाठवायचा की नाही हे ठरवतं कोण?

मुळात ही परीक्षा विद्यार्थ्यांनी मागितलेली नव्हतीच. 1953 साली हार्वर्ड, कोलंबिया, शिकागो वगैरे नऊ बिझनेस स्कूल्सनी प्रिन्स्टनच्या 'एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस'बरोबर बसून ती ठरवली. शेकडो कॉलेजांतून अर्ज येत, प्रत्येकाची गुण देण्याची तऱ्हा निराळी. सगळ्यांना एकच फूटपट्टी हवी होती. 1954 मध्ये पहिली परीक्षा झाली. जीमॅट हे नाव आलं ते 1976 मध्ये. म्हणजे गरज शाळांची, मालकी शाळांची. साहजिकच गुणही शाळांचेच समजले गेले. विद्यार्थी फक्त फी भरणारा!

1997 मध्ये परीक्षा कॉम्प्युटरवर आली आणि पोस्टाने निकाल येण्याची काही आठवड्यांची वाट संपली. पण खरी गंमत पुढेच आहे. परीक्षा सुरू होण्याआधीच पडद्यावर विचारलं जाई, निकाल कोणत्या शाळांना पाठवायचा? पाच नावांपर्यंत फुकट. तेव्हा नाही निवडली तर नंतर प्रत्येक शाळेमागे वेगळे पैसे. मग साडेतीन-चार तास डोकं शिणवल्यावर दुसरा प्रश्न: गुण ठेवायचे की रद्द करायचे? आणि हे ठरवायचं गुण न बघता! रद्द केले तर किती पडले होते ते कधीच कळणार नाही, वर रद्द केल्याची नोंद शाळांना दिसणार. ठेवले तर आकडा दिसे, पण तोवर तो पाचही ठिकाणी जायला निघालेला असे. पत्रिका उघडून न बघताच पाच स्थळांकडे पाठवण्यातला प्रकार. शिवाय त्या कागदावर गेल्या पाच वर्षांतले आधीचे प्रयत्नही छापलेले.

आपल्याकडून परदेशी जाऊ पाहणाऱ्या मुलाच्या दृष्टीने विचार करा. फी डॉलरमध्ये, रुपयांत मोजली की घरातल्यांनाही घाम फुटावा अशी. त्यात दमलेल्या डोक्याने घेतलेला हा एक निर्णय.

मग चक्र उलटं फिरलं. 2009 मध्ये हार्वर्डने एमबीएसाठी जीआरईचे गुणही स्वीकारायला सुरुवात केली. 2012 पासून जीआरईने कोणत्या वेळचे गुण पाठवायचे हे विद्यार्थ्यावर सोडलं. 2014 मध्ये जीमॅटनेही आधी आकडा दाखवून मग विचारायला सुरुवात केली, ठरवायला दोन मिनिटं! 2015 मध्ये रद्द केल्याची नोंद शाळांना दिसेनाशी झाली. आणि 2023 च्या अखेरीस आलेल्या नव्या जीमॅटमध्ये तर निकाल बघून, 48 तासांच्या आत, पाच शाळा निवडायची सोय झाली. हवी तीच परीक्षा पाठवा, बाकीच्या घरात ठेवा.

हे सगळं मनाच्या मोठेपणाने झालं असं मला वाटत नाही. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाऊ लागलं की काउंटरवरचा माणूस गोड बोलू लागतो, तसंच हे.

पण विद्यार्थ्याचा निखळ फायदा झाला का? इथे मी जरा अडखळतो. जुन्या पद्धतीत शाळेला एकाचे चार प्रयत्न दिसत आणि दुसऱ्याचा एकच. आता फक्त सगळ्यात चांगला आकडा दिसतो. बारा महिन्यांत पाच वेळा बसता येतं. ज्याच्या खिशात पाच वेळची फी आहे त्याची मूठ झाकलेली, सव्वा लाखाची. ज्याने कर्ज काढून एकदाच फी भरली त्याला झाकायला आहेच काय? सगळ्यांना एकच फूटपट्टी हवी म्हणून 1953 मध्ये जे सुरू झालं, त्यात फूटपट्टी तीच राहिली, पण ती कितीदा लावून बघायची हे पैशावर ठरू लागलं.

तरीही निवडायचं झालं तर मी नव्या पद्धतीच्याच बाजूने. आपला आकडा आपल्या आधी परक्याच्या हाती पडू नये एवढी तरी माणसाची किंमत असावी. फीचं काय करायचं, हा प्रश्न मात्र अजून कोणी हातात घेतलेला दिसत नाही.

असो. तुम्हाला काय वाटतं?