टर्बोचा सुस्कारा

कुवेत शहरातून दक्षिणेला सौदीच्या हद्दीकडे निघालं की साधारण शंभर किलोमीटरवर खैरान लागतं. समुद्राचं पाणी कालव्यांनी वाळवंटात आत आणून वसवलेली ही वस्ती. एरवी सामसूम, पण शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीला शहरातली कुटुंबं इथल्या बंगल्यांत उतरतात आणि संध्याकाळी रस्त्यावर आवाज सुरू होतो... प्स्स्श्श! टायरमधली हवा गेल्यासारखा, पण टायर शाबूत. बहुतेक वेळा ती निस्सान पॅट्रोल असते. तिच्या ४.८ लिटरच्या इंजिनाला कंपनीने टर्बो दिलेला नाही, इथली पोरं तो मागाहून बसवून घेतात. आवाज येतो तो ब्लो-ऑफ व्हॉल्व्हमधून.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या डिझेल स्कॉर्पिओलाही टर्बो आहे, ती का नाही असं करत? प्रश्न साधा आहे, पण उत्तरासाठी शंभराहून जास्त वर्षं मागे जावं लागतं.

१९०५ साली आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने एक पेटंट घेतलं. इंजिनाच्या धुरातून बरीच ऊर्जा फुकट जाते, तर त्या धुरानेच एक पंखा फिरवायचा, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. जास्त हवा, म्हणून जास्त इंधन, म्हणून जास्त ताकद. १९२०च्या दशकात हा टर्बो जर्मन जहाजांच्या डिझेल इंजिनांवर चालू लागला. पुढे विमानं, ट्रक, रेल्वे. आपल्याकडे १९६२ पासून धावलेलं डब्ल्यूडीएम-२ हे रेल्वे इंजिनही टर्बोवालंच.

या सगळ्यांना ब्लो-ऑफ व्हॉल्व्हची गरज कधी पडली नाही. डिझेल इंजिनाची ताकद हवा अडवून नाही, तर इंधन कमी-जास्त करून ठरते. पाय उचलला की डिझेल कमी होतं, हवेची वाट उघडीच राहते. विमानाचं इंजिन पेट्रोलचं असलं तरी ते तासन् तास एकाच वेगाने चालतं. दर दहा सेकंदांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबणारा आणि सोडणारा पाय तिथे नसतो.

तो पाय आला मोटारीत. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबाइल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर या टर्बोच्या पहिल्या पेट्रोल गाड्या निघाल्या. पण त्यांत कार्ब्युरेटर टर्बोच्या आधी होता. पाय उचलला की टर्बोकडे जाणारी हवाच बंद, म्हणून तंटा नाही. पुढे इंजेक्शन पद्धत आली. १९७३ची बीएमडब्ल्यू २००२ टर्बो, १९७४ची पोर्शे ९११ टर्बो, १९७७ साली लोकांसमोर आलेली साब ९९ टर्बो... या गाड्यांत थ्रॉटलची झडप टर्बोच्या पुढे गेली आणि इथेच मेख आली.

जुन्या वाड्यात नळ झटकन बंद केला की भिंतीतला पाइप कसा धडधडतो, आठवतंय? तसंच. टर्बोचा पंखा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेत हवा ढकलतोय आणि ड्रायव्हरने गिअर बदलायला पाय उचलला. झडप बंद! हवेला पुढे वाट नाही, ती उलटी फिरून पंख्यावर आदळते. पंखा मंदावतो, बेअरिंगला धक्के बसतात आणि पुढच्या गिअरमध्ये टर्बोला पुन्हा वेग घ्यायला वेळ लागतो.

उपाय फार साधा. पंखा आणि झडप यांच्यामध्ये स्प्रिंगने दाबून धरलेला एक व्हॉल्व्ह बसवायचा आणि झडपेच्या पलीकडून एक बारीक नळी त्याच्या डोक्यावर आणायची. झडप मिटली की पलीकडे निर्वात पोकळी तयार होते, ती स्प्रिंगला वर ओढते, व्हॉल्व्ह उघडतो आणि कोंडलेली हवा सुटते. ऐंशीच्या दशकात तो पेट्रोल टर्बोमध्ये चांगलाच रुळला. (फॉर्म्युला वनमध्ये १९८७ साली दाब ४ बारवर रोखायला लावलेला पॉप-ऑफ व्हॉल्व्ह निराळा. त्याचं काम दाबाला मर्यादा घालणं, याचं काम पाय उचलल्यावर वाट देणं.)

गंमत अशी की कंपन्यांनी ही हवा बाहेर सोडलीच नाही, गुपचूप टर्बोच्या तोंडाशी परत नेली. कारण बऱ्याच गाड्यांत आत येणारी हवा सेन्सर आधीच मोजतो आणि त्या हिशोबाने पेट्रोल पडतं. मोजलेली हवा बाहेर सोडली की हिशोब चुकतो, पेट्रोल जास्त होतं, काळा धूर निघतो, कधी इंजिन बंदही पडतं. पण नव्वदीनंतर जपानी गाड्यांच्या शौकिनांना तो आवाजच आवडला. २००१ च्या 'द फास्ट अँड द फ्युरियस' सिनेमाने तो जगभर पोचवला. आता तर डिझेल गाड्यांना नुसता आवाज काढणारे खोटे व्हॉल्व्हही मिळतात!

खैरानसारख्या ठिकाणी या शौकाची किंमत वाळूत मोजावी लागते. बाहेर उघडणाऱ्या व्हॉल्व्हची स्प्रिंग हलकी असली, तर गाडी नुसती उभी असतानाही तो किंचित उघडतो आणि फिल्टर न झालेली हवा आत ओढतो. तोझ, म्हणजे इथलं धुळीचं वादळ, सुटलेलं असेल तर ती धूळ थेट इंजिनात. टर्बो वाचवायला जन्मलेली वस्तू इंजिनच खाऊ लागते.

तुम्हाला याचं काय? रांजणगावची नेक्सॉन, चाकणच्या कुशाक आणि टायगुन यांच्या पेट्रोल टर्बोने हाच प्रश्न आपल्या दारात आणून ठेवलाय. यांतली पेट्रोल गाडी एकदम मरगळली, तर टर्बो बदलायचा मोठा खर्च मान्य करण्याआधी मेकॅनिकला हवेच्या नळ्या आणि हा व्हॉल्व्ह तपासायला सांगा. रबरी पडदा फाटला की दाब तिथूनच गळतो, आणि मग नव्या टर्बोनेही गाडी उठत नाही.