कल्याणची यमुना

माउली हो, तुकोबांचं दुःख आपणां वारकऱ्यांना ठाऊक आहे. दुष्काळात पत्नी गेली, लेकरू गेलं. महाराजांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली. तशीच एक लेक आमच्या कल्याणचीही, जन्मली १८६५ साली. माहेरचं नाव यमुना. पुढं जग तिला डॉक्टर आनंदीबाई जोशी म्हणालं.

चौदाव्या वर्षी पहिलं बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं. बायकांना बाईमाणूस डॉक्टर हवी, हे तिनं मनाशी धरलं. गोपाळरावांचा हट्ट होताच, पण कूस तिची रिकामी झाली होती. १८८३ मध्ये नवऱ्याविना बोटीनं अमेरिकेला गेली. १८८६ मध्ये पदवी मिळाली; प्रबंधाला विषय घेतला तो बाळंतपणाचाच! परतली ती क्षयानं खंगून. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात देह ठेवला, बाविसावं पुरं होण्याआधी. कोल्हापूरच्या दवाखान्यात बायकांचा विभाग तिची वाट पाहत राहिला.